चंद्रीची तुळसाक्का

तुळसाक्का मंगळवारी सकाळी गेली. त्या संध्याकाळी चंद्रीने दूध दिलं नाही. माझी मुलगी घरी आली नाही.

तुळसाक्का धारवाडच्या आमच्या कॉलेजात मैदानावर कामाला होती. चंद्री ही तिची म्हैस. माझी मुलगी सुजाता त्याच कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघात कोपऱ्यावर खेळायची आणि मी तिथेच ग्रंथपाल आहे. नाती एवढीच. पण चार वर्षं मी ती मनात मांडून पाहत होते आणि दर वेळी मीच बाहेर उरत होते.

तुळसाक्का गवळी गल्लीतली. गल्ली कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागूनच आहे. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा फार पूर्वी गेलेला. शेजारी भावाचा मुलगा राहायचा, त्याच्या सात-आठ म्हशी होत्या. तुळसाक्काची मात्र एकच. सकाळी धार काढून दूध पेढेवाल्याकडे पोचवायचं आणि मग चंद्रीला बरोबर घेऊनच कामावर यायचं, हा तिचा नेम. चंद्री मैदानाच्या कडेचं गवत खायची आणि तुळसाक्का चुन्याची फक्की मारायची. कबड्डीच्या मैदानाच्या रेषा ती दोरी न लावता, उलट्या पावलांनी चालत, नजरेने ओढायची. आमचे पी.डी. सर, म्हणजे खेळाचे संचालक, एकदा टेप घेऊन मागे गेले. बोटभरही फरक निघाला नाही. टेप गुंडाळताना ते म्हणाले, "अक्का, कसं काय?" ती म्हणाली, "रोज त्याच वाटेनं येते न्हवं चंद्री? वाट तिच्या पायात हाय. मी तिच्या मागनं चालते."

तिला काहीही विचारलं की तिचं पहिलं उत्तर ठरलेलं असायचं, "थांब, चंद्रीला इचारते." सामन्याची तारीख असो, रजा असो, जिमखान्याची हरवलेली किल्ली असो. आणि बोलणं संपवायचं असलं की ती 'आय्तु' म्हणायची. झालं, मिटलं, आता पुढचं काम. त्यानंतर तिच्याशी बोलून उपयोग नसे. लहानथोर सगळ्यांना ती 'तू' म्हणायची. प्रिन्सिपॉलसाहेबांना 'साहेब, तू', मला 'लायब्ररीबाई, तू'. अहो-जाहो फक्त म्हशीला. "या, चंद्रव्वा, या. बसा."

तिच्याकडे धार काढायला बसण्याची एक वेगळी साडी होती, विटलेली हिरवी इरकल. ती साडी ती साबणाने धुवायची नाही. नुसती पाण्यातून काढून वाळत घालायची. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाली, "साबणाचा वास आला की चंद्री मला वळखत न्हाई, बाई. कुणीतरी पाव्हणी आलीय म्हणती आणि दूध चोरून धरती." मी तेव्हा हसले नाही. मला त्या साडीचा वास सोसत नसे. तुळसाक्का रोज दुपारी पंख्याखाली बसायला ग्रंथालयात यायची आणि ती उठून गेल्यावरही नियतकालिकांच्या टेबलापाशी तो वास रेंगाळायचा. तिला वाचता येत नव्हतं. ती माझ्याकडे बघत बसायची. मी पुस्तकांवर शिक्के मारत असले की म्हणायची, "तुझी मूठ बरी हाय. धार काढशील तू."

ही गोष्ट मला लागायची आणि त्याला कारण होतं. माझे आजोबा अळणावरकडच्या एका खेड्यातले. गावात कुणाचं जनावर मेलं की ते ओढून नेण्याचं काम त्यांच्या वाट्याला आलेलं होतं. वडील हुबळीला आले, रेल्वेत लागले आणि त्यांनी घरासाठी दोन नियम केले. दर महिन्याला एक पुस्तक घरात यायचं, आणि जनावराला घरातल्या कुणाचा हात लागायचा नाही. त्या दोन नियमांवर मी वाढले. वडिलांच्या धम्मावरच्या पुस्तकांत तथागतांना खीर देणाऱ्या बाईची गोष्ट होती. तिच्यावरून त्यांनीच नातीचं नाव सुजाता ठेवलं. सुजाताने ही गोष्ट तुळसाक्काला सांगितली, तेव्हा तिने सगळी नीट ऐकून घेतली आणि विचारलं, "खीर गायीच्या दुधाची की म्हशीच्या?"

"माहीत नाही, अक्का."

"म्हशीचीच असणार. एवढा उपाशी माणूस गायीच्या दुधावर उठून बसत न्हाई."

ही गोष्ट सुजाताने रात्री जेवताना आम्हाला सांगितली आणि हसता हसता तिला ठसका लागला. तिचे पप्पाही हसले. मी तिला पाणी दिलं.

चंद्री संघाची कशी झाली, ते मी माझ्या खिडकीतून पाहिलं. ग्रंथालयाच्या मागच्या खिडकीतून मैदान दिसतं. बाहेरगावच्या एका कॉलेजचा संघ आला होता, बरोबर दोन बस भरून पोरं. आमच्या मुली खेड्यापाड्यातल्या, अंगापिंडाने भरलेल्या, उन्हात रापलेल्या. त्या मैदानात उतरल्या तशी पलीकडून आरोळी उठली, "म्हशी आल्या रे." मग एक हंबरला, त्याच्यामागे सगळेच. आमच्या मुली खाली बघायला लागल्या. सुजाताने टी-शर्ट गुडघ्यापर्यंत ओढला. मी उठून उभी राहिले, आणि काय करावं हे न सुचून तशीच उभी राहिले.

आरोळी उठली तशी तुळसाक्का मैदानावरून दिसेनाशी झाली होती. अर्ध्याएक तासाने, सामना सुरू व्हायच्या आधी, मागच्या फाटकातून ती आली, चंद्रीला घेऊन. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडचे गवळी म्हशी सजवून रस्त्याने मिरवतात, तशी तिने चंद्री सजवून आणली होती. अंगाला तेल, गळ्यात कवड्यांचा पट्टा, शिंगांना मोरपिसांचे झुबके. धारवाडी म्हशीची शिंगं मागे वळून खांद्यापर्यंत जातात, अर्ध्या चंद्रासारखी. ती सगळी शिंगं त्या दिवशी लालभडक रंगवलेली होती. तुळसाक्काने तिला घेऊन मैदानाला एक फेरी मारली. पळापळ नाही, ओरडणं नाही. त्या पोरांसमोर आल्यावर मात्र ती थांबली.

"म्हशी म्हशी वरडूलालात न्हवं? ही म्हैस. हिला बघा आणि तुमच्यात हिच्यावानी एखादी असली तर दावा. हाय काय?"

तेवढ्यात चंद्रीने शेण टाकलं. तुळसाक्का म्हणाली, "आय्तु," आणि तिला कडेला नेऊन उभी केली.

मुली हसल्या. त्या दिवशी त्या नुसत्या जिंकल्या नाहीत, प्रत्येक पकडीनंतर स्वतःच हंबरल्या. मॅस्कॉट हा शब्द पी.डी. सरांनी आणला. पुढच्या सामन्यापासून संघाच्या पुढे चंद्री चालायला लागली. झेंड्यावर तिची शिंगं आली. दुसऱ्या कॉलेजांच्या संघांची नावं वाघ-सिंहांची, गरुडांची. त्यांचे वाघ-सिंह कापडावर असत. आमची म्हैस चालत येई.

मी खिडकीत उभी राहून जे करू शकले नाही, ते त्या बाईने केलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. खिडकी लावून मी जागेवर येऊन बसले आणि मला पहिल्यांदा कळलं की मला तिचा हेवा वाटतो आहे.

त्यानंतर तो वाढतच गेला. तुळसाक्का काही प्रशिक्षक नव्हती, पण मुलींना चढाईचे डाव पी.डी. सर शिकवत आणि पकड ती शिकवे. तिचं म्हणणं असं की मुलींच्या मुठीत जोर नाही, म्हणून हातात आलेला घोटा सुटतो. त्यावर तिचा एकच उपाय होता, धार काढणं. पाळीपाळीने ती मुलींना गोठ्यात न्यायची. बाकीच्या चार दिवसांत कंटाळल्या. सुजाता टिकली. ती पहाटेची पहिली बस पकडून हुबळीहून धारवाडला जायला लागली. गुडघ्यांत बादली धरून, उकिडवं बसून, कपाळ म्हशीच्या पोटाला टेकवून धार काढायची ही तुळसाक्काची पद्धत. "डोस्कं टेकीव. तिचा श्वास तुझ्या कपाळाला कळला पायजे. ती दूध आवरून घ्यायच्या आधी तुला कळतंय. समोरच्या पोरीचं बी तसंच. पाय उचलायच्या आधी तिचा श्वास बदलतो." सुजाताची घोटा-पकड पुढे सगळ्या विभागात नावाजली गेली. घरी मात्र तिने कधी कणीक मळली नव्हती.

जेवताना ती सारखी म्हणायची, "अक्का म्हणते". अक्का म्हणते जास्त हसलं की दम जातो. अक्का म्हणते हुबळीच्या लोकांना चालता येत नाही. एका जेवणात मी अकरा वेळा मोजलं. बाराव्या वेळी मी म्हटलं, "अक्काला म्हणावं, हात धुऊन मग जेवायला बसावं."

"धुतलेत, आई."

"वास येतोय."

तिने हात हुंगला आणि मला म्हणाली, "हा वास जात नाही. चांगला आहे की." मी तिचे कपडे दोनदा साबण लावून धुवायला लागले.

मी तिच्यासाठी पुस्तकं निवडून देत असे. लहानपणापासूनची आमची ती एकच गोष्ट होती, जिच्यात तिसरं कुणी नव्हतं. एक दिवस तिने परत केलेल्या पुस्तकात मला कडब्याची काडी सापडली. मग दुसऱ्या पुस्तकातही. काडी खूण म्हणून घातलेली होती, वाचता वाचता थांबलेल्या पानावर. मी काही विचारलं नाही. काड्या काढून टाकल्या आणि पुस्तकं झटकून कपाटात ठेवली.

एकदा विभागीय स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला आमदारांच्या ओळखीचे कुणी पाहुणे आले होते. भाषण लांबलं. संध्याकाळची धारेची वेळ झाली. चंद्री व्यासपीठाच्या बाजूलाच उभी होती, तिने पाय आपटायला सुरुवात केली. तुळसाक्का उठली, दावं सोडलं आणि पाहुण्यांच्या समोरून म्हैस घेऊन निघाली. पाहुणे बोलायचे थांबले. ती वळून म्हणाली, "साहेब, तुझं चालू दे. हिचं थांबत न्हाई." सगळं मैदान हसलं, पाहुणेही हसले. माझ्या शेजारी बसलेल्या इतिहासाच्या बाई म्हणाल्या, "असं एखादं माणूस कॉलेजात हवं." मी सत्तावीस वर्षं त्या कॉलेजात होते. माझ्याबद्दल असं कुणी म्हटल्याचं मला आठवलं नाही.

मग ती मिरवणूक झाली. आमच्या मुलींनी विद्यापीठाची ढाल जिंकली आणि सुभाष रोडवरून कॉलेजपर्यंत मिरवणूक निघाली. तुळसाक्काने आधीच सांगितलं होतं, ढोल मागे ठेवा, फटाके नकोत. कौतुकाच्या भरात ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. ढोल पुढे आले. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. चंद्री बुजली, दोन उड्या मारून एका कापडाच्या दुकानाच्या पायऱ्या चढली आणि डोकं आत घालून उभी राहिली. कुणाला लागलं नाही. दुकानदाराने तागे आवरले. मी मागून चालत होते, म्हणून मला जवळून दिसलं. तिच्या पाठीची कातडी थरथरत होती. ती उभ्या जागी मुतली. तुळसाक्का पायरीवर चढून पदराने तिचे कान दाबून धरत होती आणि कन्नडमध्ये तिला काहीतरी सांगत होती. ढोल बराच वेळ थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी एका पालकांचं तक्रारीचं पत्र आलं. संघाने जिवंत जनावर मॅस्कॉट म्हणून बाळगावं की नाही, हे ठरवायला प्रिन्सिपॉलनी समिती नेमली. पी.डी. सर, प्राणिशास्त्राचे एक प्राध्यापक आणि मी. टिपण लिहायचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे मी ते मागून घेतलं.

तीन आठवडे मी ते लिहीत होते. म्हशीला माणसापेक्षा बारीक आवाज कसे ऐकू येतात, तिला घाम फारसा येत नाही म्हणून तापलेल्या डांबरावर तिचं काय होतं, गर्दीत सजवून उभं केलेलं जनावर शांत दिसतं तेव्हा ते भ्यालेलंही असू शकतं. जनावर आपण होऊन संघात आलेलं नाही आणि त्याला संघ सोडून जाता येत नाही, असंही लिहिलं. चार पानं झाली. इतकं चांगलं मी आधी कधी लिहिलं नव्हतं. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. आजही मी त्यातलं एकही बदलणार नाही. पण ते लिहिताना मला जे सुख होत होतं, ते चंद्रीसाठी नव्हतं.

तुळसाक्काचं म्हणणं घ्यायला हवं होतं. ती नेहमीसारखी दुपारी ग्रंथालयात आली आणि पंख्याखाली बसली. मी तिला चारही पानं वाचून दाखवली, अवघड शब्द सोपे करून. मला वाटलं होतं ती भांडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती.

"बरोबर लिवलीस," ती म्हणाली. "ढोल तिला सोसत न्हाई. मी सांगते तर पोरी ऐकत न्हाईत. मला बी मिरवायला आवडतंय, खोटं कशाला बोलू? माझी म्हैस म्हणून आवडतंय. त्या दिवशी तिचे कान धरले तवा मला कळलं, आपलं चुकलं."

मी कागद नीट लावायला लागले.

"पण एक राहिलं लिवायचं."

"काय?"

"तुझी पोरगी रोज सकाळी माझ्या गोठ्यात बसती. दर दोन वाक्याला काय म्हणती, ठाऊक हाय? आमची आई म्हणते. आई म्हणते हे पुस्तक वाच, आई म्हणते खोटं खेळून जिंकायचं न्हाई, आई म्हणते अक्का शाळेत गेली असती तर हेडमास्तरीण झाली असती. वीट आलाय मला त्या आईचा." ती हसली नाही. "मी धार काढते, ती तुझी पुस्तकं वाचून दाखवती. पुस्तक संपलं की आईला इचारते पुढचं कुठलं, म्हणती. आईला. मी म्हशीला इचारते, ती आईला इचारती. मग मी रोज दुपारी हितं येऊन बसते. बघूया म्हटलं, काय हाय ह्या बाईत."

मी तिच्याकडे बघितलं. ती पंख्याकडे बघत होती.

"मग काय दिसलं?" मी विचारलं.

"शिक्के मारतीस," ती म्हणाली. "आय्तु." आणि उठून गेली.

शेवटचं हेडमास्तरणीचं वाक्य मी खरंच एकदा बोलले होते. टोमणा म्हणून बोलले होते. सुजाताने ते तसं पोचवलं नव्हतं.

हे मी टिपणात लिहिलं नाही. टिपण एकमताने मान्य झालं. तसंच व्हायला हवं होतं, आणि तुळसाक्कानेही अंगठा उठवला. त्या संध्याकाळी सुजाता मला म्हणाली, "आई, बरोबर लिहिलंयस तू." एवढंच. त्या दिवसापासून जेवताना 'अक्का म्हणते' बंद झालं. मी जिंकले होते. तुळसाक्काचं नाव आमच्या घरात येईनासं झालं. त्याच्याबरोबर मैदान, मुली, सामने, ठसका लागेपर्यंतचं हसणं, हेही येईनासं झालं. पहाटेच्या बसने ती जातच होती. पुस्तकं नेत होती. काड्या येत होत्या. आता मी त्या काढत नव्हते.

जिवंत म्हशीऐवजी म्हशीचा पोशाख शिवायचं ठरलं. आत एक मुलगी शिरणार आणि मैदानाच्या कडेने नाचणार. हुबळीत कमरीपेठेतल्या एका शिंप्याने काळ्या कापडाचं अंग शिवलं आणि स्पंजचं डोकं केलं. पोशाख जिमखान्यात आला तेव्हा सगळे बघायला जमले होते. तुळसाक्का मागून आली, दोनदा त्याच्याभोवती फिरली आणि म्हणाली, "ही कुठली म्हैस?"

"आपलीच की, अक्का," पी.डी. सर म्हणाले.

"हिची शिंगं जिलबीवानी वळलीत. ही मुऱ्हा हाय, हरयाणाची. त्या शिंप्यानं मोबाइलवर बघून केली. आमच्या पोरी धारवाडच्या, आणि म्हैस हरयाणाची व्हय?"

सर म्हणाले, लांबून कुणाला कळतंय. ती त्यांच्याशी पुढे बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने सुतळीने चंद्रीची शिंगं मापली, बुडाशी, मधे आणि टोकाला गाठी मारल्या, आणि ती सुतळी पिशवीत घालून बसने एकटी कमरीपेठेत गेली. शिंपी आधी वैतागला, मग तिने त्याला दुकानातून उठवून रस्त्यावरच्या एका म्हशीसमोर नेऊन उभं केलं, असं त्यानेच नंतर सांगितलं. आठ दिवसांनी डोकं परत आलं तेव्हा शिंगं मागे वळून खांद्यापर्यंत गेली होती. तुळसाक्काने त्यांना मोरपिसं बांधली, पाडव्याची, चंद्रीची. मला ती म्हणाली, "आता कितीबी ढोल बडवा. हिला कान न्हाईत."

त्यानंतर ती संघाबरोबर बाहेरगावी गेली नाही. चंद्री गोठ्यात एकटी राहील म्हणायची. दुपारी ग्रंथालयात यायची तेवढी येत राहिली. आम्ही फारसं बोललो नाही. एकदा मी खुर्ची पंख्याखाली नीट सरकवून ठेवली, तर तिने ती पुन्हा होती तिथे ओढली आणि मग बसली.

मंगळवारी सकाळी, सुजाताची बस पोचायच्या आधीच, ती धार काढायला बसली होती. भाच्याला चंद्री हंबरताना ऐकू आली म्हणून तो डोकावला. तुळसाक्काचं कपाळ चंद्रीच्या पोटाला टेकलेलं होतं. बादली अर्धी भरली होती. चंद्री हलली नव्हती. हलली असती तर तुळसाक्का पडली असती.

मी अंत्ययात्रेला गेले. माजी विद्यार्थिनी कुठून कुठून आल्या होत्या. काहींच्या कडेवर मुलं होती. इतक्या बायका रडताना मी पाहत होते आणि, हे लिहायला मला एक महिना लागला आहे, तेव्हाही मी मनात मोजत होते की माझ्यासाठी किती येतील. सुजाता रडत नव्हती. ती मला म्हणाली, "आई, चंद्री सकाळपासून तशीच आहे. मी इथेच राहते."

मंगळवारी संध्याकाळी चंद्रीने भाच्याला जवळ येऊ दिलं नाही. तिचं रेडकू मोठं होऊन केव्हाच वेगळं झालं होतं, त्यामुळे तोही उपाय नव्हता. बुधवारी कास दगडासारखी झाली. भाचा म्हणाला, अशी दोन दिवस राहिली तर कास जाईल, आणि मग जनावरही. भाच्याची बायको तुळसाक्काची इरकल नेसून बसली. चंद्रीने साडी हुंगली, मान वळवून तोंडाकडे बघितलं आणि लाथ मारली. हे सगळं सुजाता मला फोनवर सांगत होती. मी विचारलं, जेवलीस का? ती म्हणाली, "आई, नंतर."

गुरुवारी दुपारनंतर मी डबा आणि धुतलेल्या कपड्यांचा एक जोड घेऊन गवळी गल्लीत गेले. इतक्या वर्षांत त्या गोठ्यात मी पहिल्यांदाच जात होते. दारातच भाच्याने ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाला, "म्याडम, बोलू नका. नवा आवाज ऐकला की आवरून घेती."

आत अंधुक होतं. चंद्रीच्या पोटाशी तुळसाक्का बसली होती. हिरवी इरकल, तशीच पोक आलेली पाठ, गुडघ्यांत बादली, कपाळ टेकलेलं. मी दाराची चौकट धरली. मग ती बोलली, आणि आवाज माझ्या मुलीचा होता. "या, चंद्रव्वा. या. सोडा." पुन्हा पुन्हा तेवढंच, त्याच ठेक्यात. मधे काही नाही. पुष्कळ वेळ काही नाही. मग बादलीच्या बुडावर एक धार वाजली. थांबली. मग दुसरी.

चंद्रीने शेपटी हाणली, ती सुजाताच्या तोंडावर बसली. पुन्हा हाणली. सुजाता वळली नाही. त्याच ठेक्यात, त्याच हलक्या आवाजात म्हणाली, "आई, मागून ये. पुढून नको. शेपटी धर."

मी डबा आणि कपडे दारात ठेवले. मागून गेले. सुजाता सोडली तर आमच्या घरातल्या कुणी जनावराला हात लावून साठ वर्षं झाली असतील. मी शेपटी धरली. ती गरम होती. जिवंत जनावराची शेपटी इतकी गरम असते, हे मी कुठे वाचलं नव्हतं. हातात ती ओढ घेत होती आणि मी मूठ आवळून उभी होते, बादली वाजायची थांबून नुसता फेसाचा आवाज येईपर्यंत.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "वळून न बघता मीच आहे हे कसं कळलं तुला?"

"साबणाचा वास आला," ती म्हणाली. आणि मग त्या साडीतच माझ्या खांद्याला कपाळ टेकवून रडली, तीन दिवसांचं. मी हलले नाही.

आता पोशाख जिमखान्याच्या कपाटात आहे आणि सामन्याच्या दिवशी बाहेर निघतो. चंद्री भाच्याच्या गोठ्यात आहे. सकाळी सुजाता एकटी जाते. संध्याकाळी ग्रंथालय बंद करून मीही जाते आणि शेपटी धरते. चंद्री पान्हा सोडते तो अजून त्या इरकलीलाच. मला त्याचा हेवा वाटतो. इरकल गोठ्याच्या दारामागे खुंटीवर असते. आम्ही ती धुतलेली नाही.